अंग चोरतंय का अंग दुखतंय?

माझे मामा कोल्हापुरात एका तालमीचे वस्ताद आहेत. वय 78. हौद्यात उतरणं आता बंद झालंय, पण पहाटे साडेचारला दार उघडायला तेच लागतात. तालमीत नवीन पोरगं आलं की मामा त्याला लगेच लंगोट बांधू देत नाहीत. आधी दारापासून हनुमानाच्या तसबिरीपर्यंत चालायला लावतात. मग उकिडवं बसवतात, उठवतात, दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून पुन्हा बसवतात. खांदा फिरवून बघतात. पोरगं आणि त्याचा बाप, दोघंही चुळबुळत असतात. मामांचं म्हणणं एकच, “अंग चोरतंय का अंग दुखतंय, तेवढं बघू दे. मग माती हायच की.”

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. 1981 साली कागलकडचा एक पोरगा त्यांच्याकडे होता. दम चांगला, पकड चांगली, पण पन्नास बैठका झाल्या की थांबायचा. मामा तेव्हा ऐन भरात होते. “अंग चोरतोस व्हय रं?” म्हणून त्यांनी त्याच्याकडून रोज आणखी दोनशे बैठका काढून घेतल्या. असे तीन आठवडे गेले. गुडघा आतून गेला होता, हे नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. पोरगा पुन्हा मातीत उतरला नाही. पुढं एसटीत कंडक्टर झाला. अजून जिना उतरताना पाय आडवा टाकतो, आणि कुठल्या लग्नात भेटला तर मामांची नजर त्याच्या तोंडाआधी त्याच्या पायाकडे जाते.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. सुहासलाही ती पाठ होती. तरी पुढचं घडलं.

सुहास मामांचा धाकटा. वय 41, एका खासगी बँकेच्या शाखेत कर्जवसुलीच्या टेबलावर. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो संध्याकाळी घरी येऊनही वर येईनासा झाला. गाडी पार्किंगमध्ये लावायचा आणि आतच बसून राहायचा. त्याची बायको मेघना खिडकीतून बघायची. पंधरा मिनिटं, अर्धा तास. वर आला की म्हणायचा, “फोन चालू होता.” फोन नसायचा.

त्याच सुमाराला एका हॉटेलच्या हॉलमध्ये फुकट कार्यक्रम झाला. मोठ्या आवाजात संगीत, टाळ्या, उड्या, शेजारच्याला मिठी मारा. व्यासपीठावरचा माणूस स्वतःला लाइफ कोच म्हणत होता. शेवटी त्यानं तीन महिन्यांचा कार्यक्रम जाहीर केला. किंमत 75 हजार, पण आजच सही केली तर 49 हजार. सुहासनं कार्डावर हप्ते करून सही केली. दिवसभर दुसऱ्यांचे थकलेले हप्ते वसूल करणारा माणूस, संध्याकाळी स्वतःच हप्ता लावून घरी आला.

त्या माणसाला मी भामटा म्हणणार नाही. त्याच हॉलमध्ये बसलेल्या एका पोरानं धीर करून स्वतःचं गॅरेज टाकलं आणि ते चालतंय. मी माझी स्कूटर तिथंच नेतो. त्या पोराला कुणीतरी पाठीवर थाप मारायची गरज होती, ती मिळाली. पण आजच्या आज सही मागणाऱ्या माणसाकडे तुमच्याकडे नीट बघायला वेळ नसतो, एवढं मी आता खात्रीनं सांगेन.

सुहास डॉक्टरकडे न जाता तिकडे का गेला, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, “दादा, कोच लावलाय असं सासऱ्यांसमोर सांगता येतं. सायकिअॅट्रिस्टकडे जातोय असं सांगता येतं का?” खरं होतं त्याचं. कोच म्हटलं की माणूस वर चाललाय असं वाटतं, मनाचा डॉक्टर म्हटलं की घसरलाय असं.

शब्दाची गंमत बघा. कोच नावाचं एक गाव हंगेरीत आहे. पाचशे वर्षांपूर्वी तिथं चांगल्या घोडागाड्या व्हायच्या, त्यावरून गाडीलाच ते नाव पडलं. मग 19व्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना गमतीनं कोच म्हणू लागले. तिथून ते खेळाच्या मैदानावर आलं. म्हणजे मुळात गाडीच. आणि कुठं जायचं ते गाडीत बसणाऱ्यानं सांगायचं असतं. सुहासला कुठंही जायचं नव्हतं. तो पार्किंगमध्ये बसून होता.

तीन महिने त्यानं सगळं मन लावून केलं, हेच वाईट वाटतं. रोज वहीत एकवीस वेळा ‘मी यशस्वी आहे’ लिहिलं. भिंतीवर पुठ्ठा लावून त्यावर बंगल्याची आणि गाडीची चित्रं चिकटवली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटे पाचला उठल्याची बरोबरची खूण टाकायची असायची. सुहासची खूण सगळ्यात आधी पडायची आणि त्याला टाळ्यांचे हात यायचे. तो तीन वाजल्यापासून जागा असायचा, हे कुणी विचारलं नाही. झोपच लागत नसलेल्या माणसाला लवकर उठल्याबद्दल शाबासकी मिळत होती.

जेवण कमी झालं. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, तिचा नाच संपला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि हा समोर बघत बसला होता. कोचला सांगितलं तर उत्तर आलं की नकारात्मक विचार येतायत, वही दोनदा लिहा.

आणि मामा? मामांनी त्याला पहाटे तालमीत नेलं. “घाम काढ, सगळं उतरंल.” दोन दिवस तो कसाबसा गेला, तिसऱ्या दिवशी उठला नाही. मामा मला म्हणाले, “पोरगं अंग चोरतंय.” मी मान डोलावली. गुडघ्याची गोष्ट आम्हा दोघांनाही पाठ होती, पण त्या वेळी आठवली कुणालाच नाही. गुडघा हाताला लागतो, त्यामुळे असेल.

मेघनानं मग मैत्रिणीकडून पुण्याच्या एका बाईंचा नंबर मिळवला. त्याही कोचच. पहिला अर्धा तास नुसतं बोलायचं, त्याचे पैसे नाहीत, आणि नंतर दोघांनाही वाटलं तरच पुढं जायचं, अशी त्यांची पद्धत. सुहासला आणखी एका कोचचं नाव नको होतं, पण मेघनासाठी तयार झाला. घरात नको म्हणून रंकाळ्यावर गाडी लावली आणि गाडीतूनच बोलला.

बाईंनी स्वप्न काय, ध्येय काय, असलं काही विचारलं नाही. झोप किती? कधीपासून? वजन उतरलंय का? पूर्वी आवडायचं असं काय होतं आणि आता ते करताना कसं वाटतं? हे असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस चाललंय का? मग थोडं थांबून सरळ विचारलं, “जगणं नको, असं मनात येतं का?” सुहास म्हणाला, “कधीकधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं.” हे त्यानं मेघनालाही सांगितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, “सुहास, मी आत्ता तुमचं काम घेणार नाही. तुम्हाला आधी डॉक्टरांना भेटायला हवं. या आठवड्यात नाही, उद्या. आत्ता घरी कोण आहे तुमच्या? त्यांना हे सांगाल का? आणि रात्री कधी फार जड झालं तर 14416 लावायचा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.” तो मेघनाला सांगतो म्हणाला, तेव्हाच त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मेसेज आला, ‘भेट ठरली का?’

सुहास चिडून माझ्याकडे आला. “मी पैसे द्यायला तयार आणि ती बाई नको म्हणते. म्हणजे मी कोचिंगच्याही लायकीचा नाही.” मामा माझ्याकडेच बसले होते. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. बाईंनी काय विचारलं, कुठल्या क्रमानं विचारलं. मग बराच वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बसले.

“म्हंजे तिनं तुला चालवून बघितलं,” ते म्हणाले. “मी न्हाई बघितलं.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे ते स्वतः बरोबर गेले. बाहेरच्या बाकावर पैलवानी फेटा घालून बसले होते, ओळखीचं कुणी दिसलं तर मोठ्यानं सांगत होते, “पोराला दाखवायला आणलंय.”

डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं, त्यात थायरॉईडही होतं, कारण थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच खचतो. ते नीट निघालं. निदान नैराश्याचं झालं. गोळ्या सुरू झाल्या. लगेच फरक दिसणार नाही, दोन-तीन आठवडे धीर धरा आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, असं बजावलं. जोडीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे बोलायला पाठवलं. चौथ्या आठवड्यात एक दिवस सुहास सहा वाजेपर्यंत झोपला. मेघना त्याला उठवायला गेली नाही. दाराशी उभी राहून बघत राहिली.

इथं एक फरक मला तेव्हा कळला तो सांगून टाकतो. मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. लाइफ कोचला आपल्याकडे असा कुठलाच परवाना लागत नाही. उद्या मी दारावर पाटी लावली तर मीही कोच. म्हणून प्रमाणपत्र कुणाचं, ते विचारावं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था 1995 पासून आहे, तिच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालासुद्धा प्रशिक्षणाखेरीज माणसांबरोबर केलेल्या कामाचे निदान 100 तास दाखवावे लागतात. पुण्याच्या बाईंकडे त्याच्या पुढच्या पायरीचं होतं, तिथं 500 तास लागतात. अर्थात कागदानं माणूस कळत नाही. ज्यानं सुहासला वही दोनदा लिहायला सांगितली त्याच्या भिंतीवरही फ्रेम होत्याच.

सात महिन्यांनी सुहास पुन्हा त्या बाईंकडे गेला. डॉक्टरांना सांगून गेला. गोळ्या चालूच होत्या. या वेळी त्यांनी काम घेतलं. पंधरा दिवसांनी एकदा, तासभर, सहा भेटी, एका भेटीचे अडीच हजार. मेघनानं मध्ये एकदा न राहवून फोन केला, कसं चाललंय म्हणून. बाई म्हणाल्या, “ते त्यांनाच विचारा. मी सांगितलं तर ते माझ्याशी बोलायचे थांबतील.” मेघनाला राग आला आणि दहा मिनिटांनी बरं वाटलं.

मामांना उत्सुकता फार. “शिकवते काय ती?”

“काही शिकवत नाही आप्पा. विचारते.”

“इचारण्याचं अडीच हजार?”

सुहासनं त्यांना पहिल्या भेटीचं सांगितलं. तो ठरवून गेला होता, ब्रँच मॅनेजर व्हायचं. बाई म्हणाल्या, “चला, झालात. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठं आहात?” सुहास म्हणाला, “ब्रँचमध्ये.” आणि तिथंच गप्प झाला. बाईही गप्प बसल्या. त्यांनी ते शांत राहणं भरून काढलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “मला सात वाजता घरी असायचंय.”

मग त्यांनी त्याला पंधरा दिवसांच्या संध्याकाळी कागदावर लिहून आणायला सांगितल्या. कामाचे अकरा दिवस, त्यातले नऊ दिवस साडेआठनंतर निघालेला. आणि त्यातले पाच दिवस दुसऱ्याचं काम करत बसलेला. काय करता येईल, असं विचारल्यावर त्यानं तीन मार्ग पटापट सांगितले, नोकरी सोडणं धरून. “आणखी?” बाईंनी विचारलं. “आणखी?” चौथा मार्ग फार साधा निघाला. वसुलीच्या टेबलावरून दुसरीकडे बदली मागायची. हे त्यानं कधी मागितलंच नव्हतं.

“साहेबांशी कधी बोलणार?”

“बघू.”

“हा ‘बघू’ कुठल्या वारी येतो?”

मामा हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुहासनं गुरुवार सांगितला. गुरुवारी तो साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला. पुढच्या भेटीत बाई ओरडल्या नाहीत, समजूतही घातली नाही. दाराशी नेमकं काय झालं, एवढंच विचारत राहिल्या. सोमवारी तो आत गेला. साहेब नाही म्हणाले. तीन महिन्यांनी एक माणूस निवृत्त झाला तेव्हा त्यांना सुहासचं बोलणं आठवलं आणि त्याला लॉकर आणि ठेवींच्या टेबलावर दिलं. वसुलीवर मिळणारा जादा पैसा गेला. ब्रँच मॅनेजर तो झालेला नाही आणि बहुधा होणारही नाही.

हा विचारण्याचा धंदा निघाला कुठून, हे सुहासनं एकदा कट्ट्यावर मामांना सांगितलं. टिमथी गॅलवे नावाचा एक टेनिसचा मास्तर होता. त्याच्या लक्षात आलं की ‘असं मार, तसं मार’ म्हटलं की शिकणारा बिघडतो आणि चेंडू कसा येतोय ते नुसतं बघायला सांगितलं की सुधारतो. खरा प्रतिस्पर्धी डोक्यात बसलेला असतो, असं त्यानं 1974 साली पुस्तक लिहून सांगितलं. पुढं जॉन व्हिटमोर नावाच्या मोटारींच्या शर्यतीतल्या गड्यानं ती रीत कचेऱ्यांमध्ये नेली. कुठं जायचंय, आत्ता कुठं आहेस, कुठल्या वाटा आहेत, कुठली आणि कधी धरणार, अशी त्याची चार घरं.

“म्हंजे आखाड्यातनंच गेलंय की हे,” मामा म्हणाले. त्यांना बरं वाटलं. मग लगेच तिढा काढला. “पर समद्यांना नुसतं इचारून भागत न्हाई. खाशाबांचं बघ.”

खाशाबा जाधव हा मामांचा हुकमी विषय. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मातीतले पैलवान होते, मॅट त्यांना नवी होती. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं तिथं त्यांना मॅटवरचे डाव दाखवले. तरी सहावा नंबर आला. “तिथं शिकवणारा लागत हुता. ‘तुला काय वाटतं’ म्हणून काय उपेग?” आणि 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून 7 हजार उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले. “तिथं पैकाच लागत हुता.”

मामांच्या या हिशोबात माझाही नंबर लागतो. सुहासचं बघून मीही त्या बाईंकडे दोन भेटी केल्या. निवृत्तीनंतर काय करावं, हा माझा प्रश्न. 34 वर्षं मी शाळेत प्रश्न विचारले. आता मला कुणीतरी उत्तर सांगावं अशी इच्छा होती. बाई विचारायच्या आणि मी भाषण करायचो. घरी करून यायचं ते एकदाही केलं नाही. दुसऱ्या भेटीच्या शेवटी त्या हसून म्हणाल्या, “तुम्हाला बदल नकोय हो, गप्पा हव्यात.” मी मनातून खट्टू झालो. मग वाचनालयाच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागलो. तिथं गप्पा फुकट आहेत.

सुहासच्या सहा भेटी झाल्यावर त्यानं आणखी सहांचे पैसे भरायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, आता कशासाठी, ते आधी सांगा. त्याला सांगता आलं नाही, तेव्हा काम संपलं. पहिल्या 49 हजारांचे हप्ते मात्र त्यानंतरही दोन महिने चालू होते.

तालमीत नवीन पोरगं आलं की मामा अजून त्याला चालवतात, उकिडवं बसवतात, खांदा फिरवतात. त्यानंतर पोराच्या बापाला बाहेर चहाला पाठवतात आणि पोराला विचारतात, “रात्री झोप लागती का रं?” हनुमानाच्या तसबिरीशेजारी खुराकाच्या हिशोबाचा फळा आहे. दूध, बदाम, तूप, कुणाकडे किती बाकी, हे दर रविवारी पुसून नव्यानं लिहितात. उजव्या कोपऱ्यात खडूनं 14416 लिहिलेलं आहे, तेवढं पुसायचं नाही अशी पोरांना ताकीद आहे.